खाडी, सडा, पुन्हा खाडी: गुहागर ते रत्नागिरी, सगळ्यांनी मिळून, सायकलवर

नकाशात समुद्राला चिकटून गेलेला रस्ता दिसला की तो सपाट असणार, असे वाटते. कोकणात हा अंदाज साफ चुकतो. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की एकदाच काय तो दम लागतो आणि देश येतो. किनाऱ्यावर तसे नाही. गाव समुद्राच्या पातळीवर, गावामागे शंभर-दीडशे मीटर उंचीचा जांभ्याचा सडा म्हणजे उघडे पठार, सड्यापलीकडे खाली खाडी किंवा पुढचे गाव, आणि त्याच्यामागे पुन्हा सडा. दिवसभर हेच. एकेक चढ किलोमीटर-दोन किलोमीटरचाच असतो, पण तो उभा असतो, आणि असे आठ-दहा चढ जोडले की एखादा मोठा घाट चढल्याइतकी उंची भरते.

त्यामुळे इथे गट तुटतो तोही वेगळ्या पद्धतीने. प्रत्येक चढावर ताकदीचा माणूस दहा मिनिटे पुढे जातो, उतारावर धीट माणूस आणखी पुढे जातो, आणि तिसऱ्या सड्यापर्यंत सगळ्यात मागच्याला आपण एकटेच आलो आहोत असे वाटू लागते. ही राइड सगळ्यांनी मिळून पुरी करायची असेल तर आखणी वेगाभोवती करून चालत नाही. ती माथ्यावरच्या थांब्यांभोवती करावी लागते. पुढचे सगळे त्या दृष्टीने लिहिले आहे.

मार्ग आणि दिशा

उदाहरणाला घेतलेला मार्ग असा: गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, भंडारपुळे, नेवरे, आरे-वारे, बसणी, शिरगाव आणि रत्नागिरी. कोणत्या वाडीतून आत शिरता त्यावर अंतर थोडे बदलते, पण ८०-८५ किलोमीटर धरून चाला. गट नवा असेल तर गणपतीपुळ्याला थांबा. साठेक किलोमीटर होतात आणि तेवढा दिवस भरगच्च असतो.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, तो हलका असतो. अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुटतो आणि तो बहुतेक वायव्येकडून येतो. रत्नागिरीहून गुहागरकडे निघालात तर दमलेल्या पायांनी भर दुपारी तो वारा छातीवर घ्यावा लागतो. गुहागरहून निघालात तर तोच पाठीशी असतो. उघड्या सड्यावर हा फरक फार मोठा आहे.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात ऊन आणि दमटपणा दोन्ही असतात. एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या जोडीला आंब्याच्या पेट्या भरून घाईत निघालेले टेम्पो असतात. पावसाळ्यात कोकण कितीही देखणे दिसले तरी झाडांखालच्या वळणांवर शेवाळ धरते, आणि अशा उतारावर टायर कितीही चांगला असला तरी सुटतो. पावसात जायचेच असेल तर ही लांब राइड नको. ओळखीच्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर करा.

मार्ग ॲपवर आखताना प्रत्येक तुकडा उपग्रहाच्या चित्रावर मोठा करून पाहा. सायकल किंवा पायी असा पर्याय निवडला की ॲप कधी कधी पाखाडीवरून वाट काढते, म्हणजे दगडी पायऱ्यांवरून. सागरी महामार्गाच्या कामांमुळे काही ठिकाणी रस्ता उकरलेला, खडी पसरलेला असू शकतो, म्हणून आदल्या दिवशी त्या बाजूच्या कोणाला तरी फोन करून विचारलेले बरे. ज्या घरी मुक्काम करणार ते हमखास सांगतात.

किलोमीटर बाजूला ठेवा, चढाई मोजा

वेळेचा हिशेब असा मांडा: सपाटीला ताशी १८ किलोमीटर, आणि प्रत्येक १०० मीटर चढाईला १० मिनिटे जादा. ६० किलोमीटर आणि ९०० मीटर चढाई असेल तर ३ तास २० मिनिटे अधिक दीड तास, म्हणजे ४ तास ५० मिनिटे चालत्या सायकलीवर. त्यात थांब्यांचा एक तास आणि फेरीबोटीचा एक तास घाला. पावणेसात तासांच्या वर जाते. सकाळी सहाला निघालात तर एक वाजतो. हाच हिशेब ८५ किलोमीटर आणि १३०० मीटरला लावा: चालते जवळजवळ सात तास, थांबे दीड तास, बोट एक तास. साडेतीन वाजतात. म्हणजे कडक उन्हाचे सगळे तास रस्त्यावर. पूर्ण मार्ग त्याच गटाने घ्यावा ज्यातल्या प्रत्येकाने आधी एका दिवसात हजार मीटर चढाई केलेली आहे. "प्रत्येकाने" हा शब्द इथे महत्त्वाचा. सरासरी काढून उपयोग नाही.

चढाईचा आकडा दोन वेगळ्या ॲपवर काढून जो मोठा येईल तो धरा. शिवाय एकूण आकड्यापेक्षा सगळ्यात उभा तुकडा शोधा. एका किलोमीटरमध्ये १०० मीटर म्हणजे १० टक्के चढ. ॲप सरासरी काढते, त्यामुळे ८ टक्के दिसणाऱ्या चढात शंभर-दोनशे मीटरचा १४-१५ टक्क्यांचा तुकडा दडलेला असू शकतो. वळणावर वळण घेत गेलेली रेघ दिसली की तो तिथे आहे असे समजा.

डिसेंबर-जानेवारीत या किनाऱ्यावर सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहाला निघायचे तर पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा प्रत्येकाला हवाच. पहाटे डांबर अजून कोमट असते म्हणून गुरे रस्त्यावर बसलेली असतात, आणि काळी म्हैस अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

किती जण, कोण कुठे

आठ ते दहा जण पुरे. त्याहून जास्त असतील तर दोन गट करा आणि पंधरा मिनिटांच्या अंतराने निघा. रस्ते अरुंद आहेत. दहा सायकलींची रांग लागली की एसटीला पुढे जायला जागा उरत नाही. मग चालक कंटाळून वळणावर ओलांडतो आणि समोरून कोणी येत असेल तर धोका आपल्यालाच.

पुढे राहणारा रस्ता माहीत असलेला असावा. तो गटातला सगळ्यात वेगवान नसला तर अधिक चांगले. शेवटी राहणारा मात्र दमदार हवा, दुरुस्ती येणारा हवा आणि मुख्य म्हणजे धीराचा हवा. त्याने कोणाच्याही पुढे जायचे नाही, कोणी बाजूला थांबले तर त्यानेही थांबायचे. पंप आणि हत्यारांची पिशवी त्याच्याकडेच. बहुतेक गट ती पुढच्याकडे देतात, आणि पंक्चर नेहमी मागच्याचे होते.

प्रत्येक तिठ्यावर पुढच्याने थांबायचे आणि मागचा माणूस नजरेला पडल्याशिवाय वळायचे नाही. मग तो मागचा तिथे थांबेल, त्याच्या मागचा येईपर्यंत. अशी साखळी राहिली की फोनची गरज पडत नाही. फोनवर विसंबू नका, कारण सड्यावर रेंज असते आणि खाली खाडीकाठी कित्येकदा नसते. नेमकी खालीच चुकामूक होते. निघण्यापूर्वी प्रत्येकाकडे मार्ग डाउनलोड करून ठेवलेला असावा आणि एका कागदावर गावांची नावे क्रमाने लिहिलेली असावीत.

बॅकअप गाडी असेल तर तिने गटाच्या मागे रेंगाळायचे नाही, तसे केले तर रस्ता अडतो. एकेक सडा पुढे जाऊन माथ्यावर मोकळ्या जागी उभे राहायचे. फेरीबोटीवर गाड्याही चढतात, त्यामुळे तिला लांबून वळसा घालून यावे लागत नाही.

सायकल

गिअर हा पहिला प्रश्न. पुढचे छोटे चक्र ३४ दात्यांचे, मागचे मोठे ३४ दात्यांचे असेल तर मिनिटाला ६० पेडल फिरवून ताशी साधारण पावणेआठ किलोमीटर वेग येतो. दहा टक्क्यांच्या चढावर सामान्य माणसाला हा वेग जेमतेम जमतो. मागे २८ दातेच असतील तर त्याच पेडलगतीला ताशी सव्वानऊ किलोमीटरहून जास्त वेग लागतो. तेवढी ताकद पायात नसली की पेडल मंदावते, गुडघ्यावर भार येतो आणि पाचव्या-सहाव्या चढाला गुडघा बोलू लागतो. म्हणून मागे मोठे चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचे असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बसवून घ्या. बसवताना मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) तेवढे मोठे चक्र झेपते का आणि चेनची लांबी पुरते का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. चेन आखूड राहिली आणि दोन्हीकडे मोठे चक्र पडले तर डिरेलर मोडतो. पुढे तीन चक्रांची साधी हायब्रिड किंवा एमटीबी (जाड टायरची माउंटन बाइक) असेल तर चिंता नाही. या रस्त्याला ती महागड्या रेसिंग सायकलीपेक्षा अधिक योग्य आहे.

टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ३२ असेल तर उत्तम. ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये मागे ७५-८० आणि पुढे ७० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप, पंपावर दिसते), ३२ मध्ये मागे ६०-६५ आणि पुढे त्याहून पाच कमी, एमटीबीच्या जाड टायरमध्ये ३५-४०. टायरवर छापलेला कमाल आकडा गाठायची गरज नाही. दाबून हवा भरलेला टायर जांभ्याच्या बारीक खड्यांवर उडतो आणि वळणावर पकड सोडतो. फार कमी हवा ठेवली तर उतारावर खड्ड्याच्या कडेला ट्यूब रिमखाली चेचते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. अशी जोडीची भोके दिसली की काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

ब्रेकसाठी एक हिशेब लक्षात ठेवा. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो वजन १२० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे १ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. सावकाश उतरलात तर ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता बनून जाते. तेवढ्यात पाव लिटर पाण्याला उकळी फुटते. असे दिवसातून आठ-दहा वेळा. डिस्क ब्रेकच्या पॅडवरचा मसाला १ मिलिमीटरच्या आत आला असेल तर निघण्याआधीच बदला. रिम ब्रेकच्या रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तरी तेच. केबलवाले ब्रेक असतील तर लिव्हर पूर्ण दाबून पाहा: ती हँडलला टेकत असेल तर केबल ओढून घ्या. समुद्राच्या हवेत केबल आतून गंजते आणि बाहेरून कळत नाही. लिव्हर सोडल्यावर लगेच परत येत नसेल तर तेच कारण समजा आणि केबल बदला.

ही सगळी तपासणी आठवडाभर आधी करा, आदल्या रात्री करू नका. नवे पॅड आणि नवी केबल दोन्ही थोडी चालवून बसवावी लागतात.

बरोबर काय असावे

प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, दोन ७५० मिलिलिटरच्या बाटल्या, हेल्मेट, दिवे, ओळखपत्र, सुट्टे पैसे. गटात मिळून एक चांगला पंप, पंक्चरचे ठिगळ, चेन तोडायच्या साधनासह मल्टिटूल, आपल्या चेनच्या स्पीडचे, म्हणजे मागच्या चक्रांच्या संख्येप्रमाणे, क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी (९, १० आणि ११ चे एकमेकांना चालत नाहीत), एक गिअर केबल, ब्रेक पॅडची जोडी, झिप टाय, इलेक्ट्रिकची टेप आणि जुन्या टायरचा हातभर तुकडा. टायर बाजूने फाटला की हा तुकडा आतून लावून तीस-चाळीस किलोमीटर काढता येतात.

गुहागर आणि रत्नागिरी सोडली तर वाटेत सायकलचे मोठे दुकान मिळेल या भरवशावर राहू नका. पंक्चर काढणारा भेटतो, पण तो मोटरसायकलचा. त्याच्याकडे हवा असते ती जाड श्रेडर व्हॉल्व्हला. तुमचा बारीक प्रेस्टा असेल तर पितळी ॲडॅप्टर खिशात ठेवा. तो वीस-तीस रुपयांचा असतो आणि पंप बिघडला तर सगळ्यांची राइड वाचवतो.

प्रथमोपचारात खरचटल्यावर धुवायला स्वच्छ पाणी, गॉझ, चिकटपट्टी आणि ताणपट्टी पुरे. जांभ्यावर पडून झालेल्या जखमेत लाल माती रुतते. ती लगेच पाण्याने धुऊन काढा, कोरडी पट्टी वर चिकटवू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८.

पोटापाण्याचे

सकाळी निघण्याआधी तास-दीड तास काहीतरी पोटात जायला हवे. गरम पेज मिठासकट, किंवा पोहे, किंवा घावन आणि चहा. तळलेले नको. पेज या कामाला फार चांगली: पाणी, मीठ आणि सहज पचणारा भात एकदमच मिळतो.

पुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके आणि ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी. एका मध्यम केळ्यात २०-२५ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे तासाला एक केळे आणि दोन खजूर किंवा चिक्कीचा तुकडा. आंबापोळी, फणसपोळी खिशात चांगली राहते, उन्हात वितळत नाही. भूक लागेपर्यंत थांबू नका. भूक जाणवते तेव्हा पाय आधीच रिकामे झालेले असतात, आणि मग अर्धा तास कितीही खाल्ले तरी चढावर फरक पडत नाही.

किनाऱ्यावरचा घाम वाळत नाही. हवेत दमटपणा इतका असतो की तो नुसता ओघळतो आणि शरीर थंड होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढते. त्याबरोबर मीठ जाते. नुसते पाणीच पीत राहिलात तर डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात. एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत ओआरएस. १ लिटरच्या पुडीचे ७५० मिलिलिटरमध्ये दाट मिश्रण करू नका, पोट बिघडते. पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घाला आणि दोघांत वाटून घ्या. वाटेत कोकम सरबत मिळाले तर त्यात चिमूटभर मीठ जास्त घालायला सांगा. शहाळे छान, पण त्यात सोडियम फारसे नसते, म्हणून शहाळ्यासोबत काहीतरी खारट खा.

मासळीचे ताट आणि सोलकढी शेवटच्या चढानंतर. मालगुंड-गणपतीपुळ्याला भरपेट जेवून भंडारपुळ्याची घाटी चढणे हा या मार्गावर हमखास होणारा हाल आहे.

चढ

चढ दिसण्याआधी गिअर उतरवा. उतारावरून वेगात खाली येऊन पूल ओलांडला की समोर लगेच उभी घाटी असते. तिथे जोर लावून पेडल मारत असताना पुढचे चक्र बदलायला गेलात की चेन उतरते, कधी तुटते. पूल दिसला की आधी पुढचे छोटे चक्र, मग मागे एकेक करून. बदलताना अर्धा फेरा पेडलवरचा जोर कमी करा.

बसून चढा, मिनिटाला ६०-७० फेरे, बोलता येईल इतपत श्वास. पहिल्या दोन सड्यांवर "अजून जोर आहे" असे वाटणे हीच लक्षणे योग्य वेगाची आहेत. उभे राहून चढायचे ते शेवटच्या उभ्या तुकड्यापुरते.

वळणाचा आतला भाग सगळ्यात उभा असतो. डावीकडचे वळण असेल तर आपण नेमके त्याच बाजूला असतो. वरचा रस्ता स्पष्ट दिसत असेल आणि मागून गाडी नसेल तरच जरा बाहेरून घ्या. नागमोडी चढू नका, समोरून येणाऱ्या एसटीला तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल ते कळत नाही.

ताशी पाच किलोमीटरच्या खाली वेग गेला की सायकल डुलू लागते. तेव्हा उतरून चालत जावे. यात कमीपणा अजिबात नाही. १५ टक्क्यांच्या चढावर चालणारा आणि चालवणारा यांच्यात मिनिटा-दोन मिनिटांचाच फरक पडतो, आणि चालणाऱ्याचे पाय पुढच्या सड्यासाठी शिल्लक राहतात. पुढच्याने हे निघतानाच सगळ्यांसमोर सांगावे, म्हणजे कोणी लाजेखातर दम तुटेपर्यंत रेटत नाही.

माथ्यावरचा थांबा

प्रत्येक चढाच्या माथ्यावर सगळ्यांनी एकत्र यायचे. जागा निघण्यापूर्वीच ठरवा: सड्यावर जिथे दोन्हीकडून रस्ता शंभर मीटर तरी दिसतो आणि सायकली डांबराबाहेर उभ्या राहतात अशी. वळणावरच्या वडाची सावली मोहक असते, पण तिथे थांबू नका.

थांब्याची पाच मिनिटे शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायची. हा नियम मोडला की सगळी राइड मोडते. होते असे: पुढचे दहा मिनिटे आधी पोचतात, पाणी पितात, फोटो काढतात, आणि मागचा धापा टाकत आला की "चला, आला तो" म्हणून निघतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्याला ती शून्य मिळते. तीन सड्यांनंतर तो कोलमडतो आणि मग त्याच्यामुळे उशीर झाला म्हणतात. शेवटचा आल्यावर आधी त्याला पाणी द्या, काही खाऊ द्या, श्वास बसू द्या. निघायचे कधी ते त्यानेच सांगावे.

याच थांब्यात गटाच्या शेवटी राहण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्याने प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे. बोलणे कमी झाले आहे, बाटली अजून भरलेलीच आहे, चिडचिड होते आहे: यातले काहीही दिसले तर पुढे जाण्याची घाई करू नका. तेव्हा तपासायलाच हवे.

थांबा उरकला की उतरण्याआधी प्रत्येकाने दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहायचे. दोन सेकंदांचे काम आहे.

उतार

या मार्गावर माणसे जखमी होतात ती उतारावर, आणि कारणे ठरलेली आहेत.

पहिले, खडे. चिरे वाहणाऱ्या ट्रकांतून जांभ्याचा चुरा वळणांवर सांडतो आणि गाड्यांच्या चाकांनी बाहेरच्या कडेला जमतो. लाल भुकटीचा पट्टा दिसला तर त्यावर सायकल सरळ ठेवा, पुढचा ब्रेक हलका करा आणि वळण त्यानंतर घ्या.

दुसरे, एसटी. अरुंद वळणावर ती मध्यभागातूनच येणार, तिला दुसरा मार्ग नाही. हॉर्न ऐकू आला की डाव्या कडेला या आणि वेग निम्मा करा. कानात इअरफोन असतील तर हॉर्न ऐकू येत नाही. ते दिवसभर बॅगेत राहू द्या.

तिसरे, ब्रेक धरून ठेवणे. सतत हलका ब्रेक लावून उतरलात तर रिम किंवा डिस्क थंड व्हायला वेळच मिळत नाही. रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्कचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होऊन पकड सोडतात. सरळ भागावर दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग खाली आणा, मग सोडा, पुन्हा दाबा. वळणात शिरण्यापूर्वी वेग कमी झालेला हवा. वळणात ब्रेक लावायची वेळ आली म्हणजे आधी उशीर झाला होता. बाहेरच्या बाजूचे पेडल खाली, भार त्याच्यावर, नजर वळणाच्या टोकाला. ब्रेकमधून जळका वास आला तर थांबा, पाच मिनिटे थंड होऊ द्या. वर पाणी ओतू नका.

चौथे, समुद्र. आरे-वारेला रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो आणि एकाएकी खाली सगळा किनारा उघडतो. पाहण्यासारखेच आहे ते, म्हणून थांबून पाहा. उतरता उतरता मान वळवली की हँडलही तिकडेच वळते. रविवारी इथे दहानंतर मोटारींची गर्दी होते, रस्त्याच्या कडेला दारे अचानक उघडतात. उभ्या गाडीपासून दाराइतके अंतर ठेवून जा.

एकामागून एक दहा सेकंदांच्या अंतराने सुटायचे आणि उतारावर कोणी कोणाला ओलांडायचे नाही. भित्र्या माणसाला शेवटी उतरू द्या, म्हणजे मागून कोणी दडपण आणत नाही.

कुत्री गावाच्या वेशीवर मागे लागतात. जोरात पळवून सुटायचा प्रयत्न उतारावर नको. उतरा, सायकल मध्ये धरा, चार पावले चाला. बहुतेक वेळा ती तिथेच थांबतात.

तवसाळची फेरीबोट

या एका ठिकाणी दिवसाचे वेळापत्रक अडते किंवा जुळते. वेळा आदल्या दिवशी फोनवर किंवा जेटीवर विचारून घ्या, मोसमाप्रमाणे बदलतात. ज्या फेरीने जायचे तिच्या अर्धा तास आधी पोचण्याचे गणित ठेवा. एक फेरी चुकली की तासभर जाऊ शकतो, आणि तो तास नेमका दिवसाच्या गार भागातला असतो.

जेटीच्या उतरत्या भागावर भरतीचे पाणी येते. तिथे शेवाळ असते, त्यावर डिझेलचा थर. बोटीचा लोखंडी दरवाजा ओला असतो. सायकल चालवत चढू नका, हातात धरून न्या. ज्यांच्या बुटांना लोखंडी किंवा प्लास्टिकचे क्लीट (पेडलमध्ये अडकणारे तुकडे) आहेत त्यांनी ते बूट काढून अनवाणी किंवा चपलेत चढावे. बोटीवर सायकली कठड्याला टेकवून झिप टायने किंवा दोरीने बांधा. जेटीवर कालवांची कवचे आणि जाळ्यांच्या तारांचे तुकडे पडलेले असतात, म्हणून पलीकडे उतरल्यावर प्रत्येक टायरवरून एकदा हात फिरवा, रुतलेले काही असेल तर तिथेच काढा.

जयगडला उतरलात की लगेच चढ आहे. बोटीवर बसून पाय आखडलेले असतात. पहिली पाच मिनिटे अगदी हलक्या गिअरमध्ये काढा. जयगड बंदरामुळे इथला सुरुवातीचा रस्ता अवजड गाड्यांचा आहे. या पट्ट्यात एकेरी रांग, गप्पा बंद, आणि दिवसाही मागचा लाल दिवा चालू.

दुपार

डिसेंबर-जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या वर जातो आणि जांभ्याचा उघडा सडा खालूनही तापतो. साडेबारा ते अडीच सावलीत काढता आले तर काढा. मालगुंड त्यासाठी सोयीचे आहे. कवी केशवसुतांचे हे जन्मगाव, त्यांचे स्मारकही इथेच आहे, पाहून होते आणि विश्रांतीही.

कोणाला उन्हात शहारे आले, घाम थांबला, बोलणे असंबद्ध झाले, तर त्याची राइड तिथे संपली. सावलीत आडवे करा, डोके, मान आणि काखा ओल्या कापडाने पुसत राहा, वारा घाला. शुद्धीत असेल तरच घोट घोट पाणी. बोलणे असंबद्ध झाले असेल किंवा घाम थांबून अंग तापले असेल तर वाट न पाहता १०८. "थोडे बसतो आणि येतो" असे तो म्हणाला तरी पुन्हा सायकलवर बसवू नका. बॅकअप गाडी नसेल तर वाडीत विचारा, रिक्षा किंवा टेम्पो मिळतो आणि लोक मदत करतात.

पोचल्यावर

रत्नागिरीहून रेल्वेने परतणार असाल तर शेवटचा चढ अजून बाकी आहे: स्टेशन शहरात नाही, वर कुवारबावच्या बाजूला आहे. तेवढा वेळ आणि पाणी राखून ठेवा. सायकल लगेजमध्ये टाकायची तर पार्सल कार्यालयात आधी पोचावे लागते. पेडल काढून, हँडल वळवून, डिरेलरच्या बाजूला पुठ्ठा बांधून द्या, नाहीतर डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकतो.

त्याच रात्री सायकल गोड्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा नको, बादली आणि फडके. खारी हवा आणि लाल माती मिळून चेन दोन दिवसांत गंजवते. चेन कोरडी पुसून प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, पाच मिनिटांनी वरचे जादा तेल पुसून टाका. रिम ब्रेकचे रबर काढून पाहा: त्यात जांभ्याचे किंवा ॲल्युमिनियमचे कण रुतलेले असतील तर सुईने काढा, कारण तेच पुढच्या राइडला रिम खरवडतात. बाटल्यांतले उरलेले ओआरएस ओतून द्या आणि झाकणे उघडी ठेवून वाळवा.